रात्री तीनचं मीटर: वसतिगृह पर्यावरणपूरक करायचं तर कुठून सुरुवात करावी

पहिल्या वर्षी आम्ही पोस्टरं लावली. प्रत्येक नळावर एक, प्रत्येक स्विचबोर्डाशेजारी एक. हिरवी अक्षरं, कोपऱ्यात पान, खाली ‘पाणी वाचवा, वीज वाचवा’. सहा महिन्यांनी बिलं काढून पाहिली तर युनिट जिथल्या तिथे. मग एका सुटीत देखभाल विभागातले इलेक्ट्रिशियन काका सहज बोलून गेले, की दुसऱ्या मजल्यावरचा गरम पाणी फिरवणारा पंप दिवसरात्र चालतो. त्याचा टायमर कोणीतरी कधीतरी ‘मॅन्युअल’वर टाकला होता आणि तो तसाच राहिला होता. पंपाच्या खोलीच्या दारावर आमचंच पोस्टर होतं.

त्यानंतरच्या तीन वर्षांत जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वसतिगृह घरासारखं नसतं. घरात दिवा लावणाऱ्यालाच बिल भरावं लागतं. वसतिगृहात फी ठरलेली असते, बिल कार्यालयात जातं आणि राहणाऱ्याला ते दिसतही नाही. शिवाय दोन-तीन वर्षांत माणसं बदलतात. तुम्ही कष्टाने लावलेली सवय तुमच्याबरोबरच गेटबाहेर पडते, पण बदललेला नळ मागे राहतो. म्हणून आधी मोजणी, मग सतत चालू असणाऱ्या गोष्टी, मग गरम पाणी आणि त्यानंतर माणसांच्या सवयी. सौर पॅनल शेवटी, त्याचंही कारण पुढे येईल.

पायरी १: तीन-चार माणसं आणि एक किल्ली

समिती मोठी करू नका. वीस जणांच्या समितीत बैठकीची वेळ ठरवण्यातच सत्र संपतं. दोन विद्यार्थी पुरेत, त्यातला एक तरी पुढची दोन वर्षं इथेच राहणारा असावा. देखभाल विभागातला एक माणूस हवाच. इमारतीचे नकाशे कुठल्यातरी कपाटात असतात, पण कोणता पाइप कुठे वळतो आणि कोणता कॉक बंद केला की कोणत्या मजल्यावरून ओरड सुरू होते, हे प्लंबरच्या डोक्यात असतं. त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. ‘तुमचं काम नीट होत नाही’ असा सूर लागला, की गाडं तिथेच अडतं.

चौथा माणूस म्हणजे रेक्टर किंवा वॉर्डन. त्यांच्याकडून तीन गोष्टींची लेखी परवानगी घ्या: मागच्या बारा महिन्यांची बिलं बघायला, मीटरच्या खोलीत जायला आणि नळांना-शॉवरना छोटे भाग बसवायला. विजेचं पॅनल उघडायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनचंच. तिथे उत्साह दाखवू नका.

पायरी २: मीटर

बारा महिन्यांची वीज, पाणी आणि गॅस किंवा इतर इंधन यांचे आकडे एका कागदावर मांडा. महिन्याचा आकडा राहणाऱ्यांच्या संख्येने भागण्यापेक्षा मुक्कामाच्या रात्रींनी भागा. शंभर जण तीस दिवस राहिले तर तीन हजार रात्री. सुटीच्या महिन्यात पन्नास जण दहा दिवस असतील तर पाचशे. असं केलं नाही तर सुटीमुळे घटलेलं बिल आपल्याच मोहिमेचं यश वाटतं. या चुकीवर आम्ही एक अख्खा अहवाल लिहिला होता.

मग एक आठवडा विजेचं मीटर रोज दोनदा वाचा, रात्री तीनला आणि पहाटे पाचला. दोन आकड्यांतला फरक भागिले दोन तास, म्हणजे इमारत झोपलेली असताना ती सरासरी किती किलोवॅट खाते ते कळतं. समजा हा आकडा ९ आला. दिवसभरातली बाकीची वापरावापर बाजूला ठेवली तरी हे ९ किलोवॅट वर्षभर चालू राहिले, तर ९ गुणिले २४ गुणिले ३६५, म्हणजे ७८,८४० युनिट. त्यातला नुसता एक किलोवॅट कमी केला तरी वर्षाचे ८,७६० युनिट वाचतात. त्यासाठी कोणाला काही सांगावं लागत नाही, कोणाची सवय बदलावी लागत नाही.

पाण्याचं मीटरही त्याच वेळी वाचा. गच्चीवर टाकी असेल तर आधी ती भरून घ्या, कारण ती भरत असताना घेतलेलं वाचन निरर्थक ठरतं. पहाटे तीन ते पाच दरम्यान कोणी आंघोळ करत नाही. तरी काटा फिरत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय.

पायरी ३: रात्रीची फेरी

वही, टॉर्च आणि प्लगमध्ये खोचायचा छोटा वॉटमीटर घेऊन अडीच वाजता निघा. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चालत जा, आणि दिसणारी, ऐकू येणारी, हाताला गरम लागणारी प्रत्येक गोष्ट लिहून काढा. वहीत तीन रकाने ठेवा: ‘चालू हवंच’, ‘रात्री बंद चालेल’ आणि ‘हे कोणाचं?’

पहिल्या रकान्यात आगीचा अलार्म, जिन्यातले आपत्कालीन दिवे, कॅमेरे, इंटरनेटची उपकरणं येतील. त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्यात अभ्यासिकेतले रिकामे दिवे, बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे, रात्रभर पाणी गार ठेवणारे वॉटर कूलर. खरी गंमत तिसऱ्या रकान्यात असते. आम्हाला जिन्याखालच्या खोलीत एक फ्रिज सापडला. आत एक वाळलेलं लिंबू आणि कुणाच्या तरी दोन सत्रांपूर्वीच्या औषधाची बाटली. दाराच्या फटीत कागद धरून दार लावलं तर कागद अलगद बाहेर आला, म्हणजे दाराचं रबर गेलेलं होतं. ते यंत्र महिनोन् महिने खोलीतलीच हवा गार करत बसलं होतं. मालक शेवटपर्यंत मिळाला नाही. चिठ्ठी लावून पंधरा दिवस वाट पाहिली आणि प्लग काढला.

व्हरांड्यातल्या दिव्यांचा हिशेब करून ठेवा. वीस वॉटच्या चाळीस ट्यूब चोवीस तास चालू असतील तर वर्षाला ७,००८ युनिट. दिवसा उजेड आत येत असेल तर उजेड ओळखणारा सेन्सर बसवा, आणि रात्री एक सोडून एक दिवा हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर टाका. सगळे दिवे सेन्सरवर टाकू नका. रात्री उशिरा परतणाऱ्या माणसाला अंधाऱ्या व्हरांड्यात पाऊल टाकावं लागलं, तर तुमच्या योजनेचे विरोधक दुसऱ्या दिवशीच तयार होतात, आणि त्यांचं चुकत नाही.

पायरी ४: गळती

गळक्या नळाखाली मोजपट्टी असलेलं भांडं ठेवा आणि घड्याळ लावा. सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला साधारण वीस लिटर पाणी जातं. ही चाचणी व्हरांड्यात सर्वांसमोर करा. चोवीस तासांनी भरलेली बादली तिथेच ठेवली, की प्लंबरला बोलावण्यासाठी वेगळा अर्ज लिहावा लागत नाही. बहुतेक वेळा दोष वायसरचा असतो आणि दुरुस्ती दहा मिनिटांची.

नळाची गळती निदान दिसते तरी. खरा चोर फ्लशच्या टाकीत बसलेला असतो. टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर किंवा व्हॉल्व्ह गेलाय. असा एक बिनआवाजी फ्लश दिवसाला दोनशे लिटर सहज वाहून नेतो. शंभर जणांच्या वसतिगृहात सगळ्या टाक्या एका सकाळी तपासून होतात. सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा हे करा.

दोन बटणांचा फ्लश ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये आला, तेव्हा मोठं बटण ११ लिटर सोडायचं आणि छोटं ५.५. आताचे बहुतेक ६ आणि ३ लिटरचे असतात. गंमत अशी, की कोणतं बटण कशाचं हे अनेकांना ठाऊकच नसतं. पोस्टरवर मी इतका वैतागलेला असूनही इथे बोटभर चिठ्ठी चिकटवायला सांगेन, थेट बटणाशेजारी. ज्या क्षणी हात उठतो त्याच जागी सूचना असेल तरच ती वाचली जाते.

नळाच्या तोंडाला बसणारी जाळी, म्हणजे एरेटर, पाण्यात हवा मिसळते आणि मिनिटाला दहा-बारा लिटरचा प्रवाह पाच-सहावर आणते. हात धुताना फरक जाणवत नाही. बादली भरायच्या नळाला मात्र ती लावू नका. तिथे भरायचं पाणी तेवढंच असतं, फक्त वेळ दुप्पट लागतो आणि लोक जाळी काढून फेकून देतात. आमच्या पहिल्या खेपेतल्या निम्म्या जाळ्या अशाच गेल्या.

पायरी ५: गरम पाणी, जिथे खरा पैसा वाहून जातो

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

एक सोपा हिशेब पाठ ठेवा. लिटर गुणिले किती अंशांनी तापवायचं, भागिले ८६०, म्हणजे लागणारे युनिट. मिनिटाला १२ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं तर ९६ लिटर. पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं तर ९६ गुणिले २० भागिले ८६०, साधारण २.२ युनिट. फोन पूर्ण चार्ज करायला ०.०२ युनिटच्या आसपास लागतात. म्हणजे एका आंघोळीत शंभराहून जास्त वेळा फोन चार्ज झाला असता. तरी चार्जर काढायची आठवण करून देणारी पोस्टरं जगभर दिसतात.

आता तोच शॉवर मिनिटाला ७ लिटरचा केला तर आठ मिनिटांत ५६ लिटर आणि १.३ युनिट. माणसाने आंघोळीची वेळ एका मिनिटानेही कमी केली नाही, तरी प्रत्येक आंघोळीमागे ०.९ युनिट वाचले. १२० जणांचे दिवसाला शंभराहून अधिक. शॉवरचं तोंड घेताना एकच नमुना आणून आठवडाभर वेगवेगळ्या मजल्यांवर लावून पाहा. वरच्या मजल्यावर दाब कमी असतो. तिथे चुकीचा नमुना लागला तर पाणी ठिबकतं, आणि लोक चिडून पाना शोधायला लागतात.

नंतर पाइप. गरम पाण्याच्या उघड्या पाइपांवर फोमचं आवरण चढवणं हे सगळ्यात स्वस्त कामांपैकी एक. टाकीपासून दूरच्या बाथरूमपर्यंत गरम पाणी लगेच मिळावं म्हणून पंपाने ते सतत फिरवलं जातं. पंपाची स्वतःची वीज थोडीच असते, पण फिरता फिरता पाइपमधून निघून जाणारी उष्णता बरीच. टायमर तपासा. आमचं प्रकरण सुरुवातीला सांगितलंच आहे.

इथे एक धोक्याची खूण. काटकसर म्हणून साठवणीच्या टाकीचं तापमान खाली आणू नका. साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लीजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसांत जातो. फिलाडेल्फियात १९७६ मध्ये एका अधिवेशनाला आलेल्यांना झालेल्या न्यूमोनियातून हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. म्हणून साठवलेलं पाणी ६० अंशांच्या खाली ठेवू नये आणि पंपाने फिरून परत येणारं पाणीही ५० अंशांच्या वर असावं. टायमरने पंप बंद ठेवायचे तास याच कारणाने देखभाल विभागाशी बोलूनच ठरवा. वसतिगृहाला हा धोका घरापेक्षा जास्त, कारण सुटीत खोल्या आठवडेच्या आठवडे बंद असतात आणि पाणी पाइपात साचून राहतं. रिकाम्या मजल्यांवरचे नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटं वाहू द्यायचे, शॉवरचं तोंड बादलीत किंवा पिशवीत ठेवून, तुषार न उडवता. हे पाणी वाया गेलं असं मानू नका.

जुना विजेचा हीटर बदलायची वेळ आली तर हीट पंपाचा विचार करा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. ऊन भरपूर असेल तिथे सौर बंब आहेच.

पायरी ६: गारवा आणि ऊब

हवामानाप्रमाणे ही पायरी बदलेल, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

उकाड्याच्या जागी पहिलं काम गच्चीवर. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या खोल्या तापतात, कारण छत दिवसभर ऊन पिऊन रात्रभर ते खाली सोडत असतं. पांढरा परावर्तक थर किंवा उष्णतारोधक थर, आणि खिडकीवर बाहेरच्या बाजूने सावली. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन बसलेलं असतं. मग पंखे. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या कमी विजेच्या मोटरचा ३०-३५. चाळीस वॉटचा फरक धरून वर्षाला २,४०० तास म्हटलं तर एका पंख्यामागे ९६ युनिट, १२० पंख्यांमागे ११,५२०. एसी असेल तर पंखा सोबत चालवा, म्हणजे तापमान दोन-तीन अंश वर ठेवूनही तेवढंच बरं वाटतं. फिल्टर महिन्याला धुवा.

एसीबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी होतो म्हणजे गळतो. आर-४१० ए या गॅसचा एक किलो हवेत गेला, तर तापमानवाढीवर त्याचा परिणाम शंभर वर्षांच्या हिशेबाने दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका होतो. आर-३२ या एसीतल्याच दुसऱ्या गॅसचा त्याच्या साधारण एक तृतीयांश. आधी गळती बुजवा, मग गॅस भरा, आणि किती भरला ते वहीत लिहा.

थंडीच्या जागी उलटा प्रकार. खोलीतला हीटर पूर्ण चालू आणि खिडकी सताड उघडी, कारण हीटरला कमी-जास्त करायची सोयच नसते. मुलांना उधळे म्हणण्याआधी प्रत्येक रेडिएटरला, म्हणजे गरम पाण्यावर खोली तापवणाऱ्या हीटरला, तापमान राखणारा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. रेडिएटरसमोर कपाट किंवा लांब पडदा असेल तर ऊब खिडकीलाच मिळते. फटी शोधायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी चौकटीजवळ धरा, ती हलली की तिथून वारा येतोय. फटी बुजवा, पण वायुवीजनाची जाळी बुजवू नका. ओले कपडे आणि वाफाळलेली बाथरूमं यांच्यामुळे बंद इमारतीत बुरशी लवकर धरते.

इमारतीचं मोठं नूतनीकरण होणार असेल तर भिंती-छपराचं आवरण त्याच वेळी करून घ्या. पॅसिव्ह हाउस या मानकानुसार बांधलेल्या इमारतीला खोल्या उबदार ठेवायला चौरस मीटरमागे वर्षाला १५ युनिटांहून जास्त उष्णता लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘कॉर्नेल टेक’ या संकुलातली २६ मजली निवासी इमारत २०१७ मध्ये याच मानकाने उभी राहिली. मात्र चांगली इमारत पाडून ‘हिरवी’ बांधण्याला माझा विरोध आहे. सिमेंट आणि लोखंडात आधीच गुंतलेलं प्रदूषण असं फेकून देऊ नये.

पायरी ७: फ्रिज आणि धुलाई

प्रत्येक खोलीत छोटा फ्रिज असण्यापेक्षा मजल्यावर दोन मोठे, नावाच्या कप्प्यांसह, केव्हाही परवडतात. पण सामाईक फ्रिज चालतो तो आपल्या माणसांत. कोपनहेगनचं टीटगेनकोलेगिएट हे २००६ चं वर्तुळाकार वसतिगृह बारा खोल्यांना एक स्वयंपाकघर अशा बेताने रचलं आहे. बारा हा आकडा मला पटतो. एवढ्या माणसांत कोणी कोणाचं खाल्लं हे कळतं, चाळीसांत कळत नाही. फ्रिज ४ अंशांवर ठेवा आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी साफ करा.

कपडे गार पाण्यात किंवा फार तर ३० अंशांवर धुवा, मशीन भरल्यावरच लावा. ड्रायर एका खेपेला दोन-तीन युनिट घेतो. त्याऐवजी दोरी आणि हवेशीर खोली. मुलं दोरी वापरत नसतील तर बहुधा कपडे चोरीला जात असतील. आधी तिथे कुलूप द्या.

पायरी ८: मेस

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नापैकी १९ टक्के वाया गेलं, म्हणजे १०५ कोटी टन. तुमच्या मेसमधलं किती, हे कळायला एक वजनकाटा पुरतो.

सलग सात दिवस तीन वेगळी पिंपं ठेवा: सोलण्या-चिरण्यातला कचरा, उरलेलं वाढप आणि ताटातलं. तिन्ही रोज तोला. कारणं वेगळी, उपायही वेगळे. पहिलं जास्त असेल तर प्रश्न स्वयंपाकघराचा, दुसरं जास्त असेल तर किती जण जेवणार याचा अंदाज चुकतोय. परीक्षेच्या आणि सुटीच्या तोंडावर हा अंदाज हमखास कोसळतो. आदल्या रात्रीपर्यंत ‘उद्या नाही’ कळवायची सोपी सोय करा. ताटातलं जास्त असेल तर वाढायचा डाव लहान करा आणि दुसऱ्यांदा घ्यायला मोकळीक द्या. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत भोजनगृहातून ट्रे काढून टाकल्यावर वाया जाणारं अन्न ३२ टक्क्यांनी आणि वापरलेली भांडी २७ टक्क्यांनी घटली, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. ट्रे नसला की हातात मावेल तेवढंच घेतलं जातं, एवढंच त्याचं रहस्य.

उरलेल्याचं खत करता येतं. ओला कचरा एक भाग, तर वाळलेली पानं, पुठ्ठा, भुसा आकारमानाने दोन ते तीन भाग. मूठभर मिश्रण हातात घट्ट दाबा. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर सुकं घाला, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. ढीग बरोबर जमला तर आत ५५-६० अंश तापतो, हात घातला तर चटका बसतो. वास सुटला म्हणजे हवा कमी पडतेय, ढीग उलटापालटा करा. पण आधी खत कोण घेणार आणि सुटीत ढीग कोण हलवणार, हे ठरवा. या दोन प्रश्नांवर अर्धे खतप्रकल्प मरतात.

पायरी ९: खोल्या रिकाम्या होण्याचा आठवडा

वर्षभराचा कचरा एका बाजूला आणि हा आठवडा एका बाजूला. गाद्या, टेबललँप, हँगर, न फोडलेलं साबणाचं पाकीट, कोरी वही, सगळं कचराकुंडीजवळ. आणि दोन महिन्यांनी नवी मुलं तेच सामान नवं विकत घेऊन येतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये हे सामान जमवून ठेवायला आणि सत्राच्या सुरुवातीला नव्यांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. विक्रीतूनच पुढच्या वर्षीचा खर्च निघावा, अशी ती रचना.

यात गाडी अडते ती जागेवर. दोन महिने कोरडी, कुलूपबंद खोली मिळाली तर बाकी सगळं जमतं, म्हणून चार महिने आधी ती मागून ठेवा. काय घ्यायचं नाही याची यादी दारावर लावा: वापरलेल्या गाद्या, जळकी वायर असलेली उपकरणं, उघडं खाणं. विजेची वस्तू इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय पुढे द्यायची नाही.

पायरी १०: आता माणसांकडे

अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात २००५ मध्ये वसतिगृहांची दोन आठवड्यांची वीजबचत स्पर्धा झाली. सरासरी वापर ३२ टक्क्यांनी उतरला, आणि ज्या दोन इमारतींत घटकेघटकेचा वापर पडद्यावर दिसत होता तिथे ५५ टक्क्यांनी. त्याच स्पर्धेत पाण्याचा वापर घटला फक्त ३ टक्क्यांनी. मी यातून दोन गोष्टी घेतो. दिसणारा आकडा माणसाला हलवतो, म्हणून रात्री तीनचा आकडा रोज जिन्याशेजारच्या फळ्यावर खडूने लिहा. महागडा पडदा नसला तरी चालेल. आणि पाण्याचं काम पान्याने करा, आवाहनांवर विसंबू नका. स्पर्धेचं म्हणाल तर नव्याचे नऊ दिवस. मी ती सत्रातून एकदाच, पंधरा दिवसांची ठेवीन.

शब्द कसे निवडावेत याचाही एक दाखला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हॉटेलमधल्या प्रयोगात ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ या चिठ्ठीला सुमारे ३५ टक्के लोकांनी साथ दिली. ‘इथे राहणारे बहुतेक जण टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी, आणि ‘याच खोलीत राहिलेले’ म्हटल्यावर ४९. म्हणजे ‘आपल्या मजल्यावर बहुतेक जण पंखा बंद करून निघतात’ हे वाक्य पृथ्वीच्या चित्रापेक्षा जास्त काम करेल. अट एकच, ते खरं असायला हवं. ‘कोणीच ऐकत नाही’ असं लिहिलंत तर न ऐकणाऱ्यांना सोबतच मिळेल.

खोल्यांत शिरून तपासणी, दंड, नावं फळ्यावर, यातलं काही करू नका. एकदा दंड लावून पाहिला. मुलांनी स्विचबोर्डच बदलून घेतला.

पायरी ११: छपरावरचे पॅनल

पॅनल बसवणं सगळ्यांना आवडतं, कारण फोटो छान येतो. मात्र एक किलोवॅटला मोकळी वाट धरून ७ ते १० चौरस मीटर छप्पर लागतं, आणि उन्हाच्या जागी वर्षाला १,२०० ते १,५०० युनिट मिळतात, ढगाळ प्रदेशात हजारच्या आसपास. वरच्या उदाहरणातले ७८,८४० युनिट पॅनलवर भागवायचे तर उन्हाच्या जागीही साठेक किलोवॅट लागतील. तेवढं छप्पर बहुतेकांकडे नसतंच. तोच भार आधी ९ वरून ५ किलोवॅटवर आणला तर पॅनलही जवळपास निम्मे पुरतात.

आधीच्या पायऱ्यांतली बचत इथे कामाला येते. कार्यालयाशी असा करार करून घ्या, की वाचलेल्या बिलाचा ठरावीक हिस्सा वसतिगृहाच्याच सुधारणा खात्यात जाईल. जाळ्यांच्या बचतीतून पंखे, पंख्यांच्या बचतीतून हीट पंप. हा करार नसेल तर वाचलेली रक्कम कुठल्यातरी मोठ्या हिशेबात विरून जाते आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा अर्ज घेऊन दारात उभे.

पायरी १२: वही

जाड पुठ्ठ्याची वही, संगणकातली फाइल नको. फाइलचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो पदवी घेऊन निघून जातो. वही रेक्टरच्या कार्यालयात दोरीने बांधून ठेवा. पहिल्या पानावर मीटरच्या खोलीची किल्ली कोणाकडे, कोणता टायमर कुठे आणि तो किती वाजता चालू-बंद व्हायला हवा. दुसऱ्या पानापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेचे तीन आकडे: रात्री तीनचे किलोवॅट, पहाटेचं पाण्याचं वाचन, मेसमधल्या ताटांचं वजन. मागच्या पानांवर जे फसलं ते. बादलीच्या नळाला जाळी लावू नका, हे आमच्या वहीत तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे.

शेवटच्या सत्रात नव्या दोघांना घेऊन रात्रीची फेरी पुन्हा मारा, आणि टॉर्च त्यांच्या हातात द्या. आमच्यानंतरच्या मुलीने पहिल्याच फेरीत दुसऱ्या मजल्यावर थांबून विचारलं, “हा आवाज कसला?” पंपाचा टायमर पुन्हा ‘मॅन्युअल’वर होता.